फायब्रॉइड गर्भाशयात, तक्रार पोटाची

गर्भाशयाच्या गाठीच्या, म्हणजे फायब्रॉइडच्या, सोनोग्राफी रिपोर्टात एक ओळ असते: ‘पोस्टीरियर वॉल सबसेरोजल फायब्रॉइड, ६२ × ५८ × ५५ मिमी’. वाचणारीचा जीव आकड्यांपाशीच अडकतो. सहा सेंटिमीटर म्हणजे केवढं, ते पट्टीवर मोजून पाहिलं जातं आणि छातीत धस्स होतं. पण जिची मुख्य तक्रार पोट साफ न होण्याची आहे, तिच्या दृष्टीने या ओळीतला कामाचा शब्द पहिलाच आहे. पोस्टीरियर, म्हणजे मागच्या भिंतीवर. गर्भाशयाच्या मागे एक अरुंद खळगा असतो, रिपोर्टात त्याला ‘पीओडी’ म्हणतात, आणि खळग्याला लागूनच गुदाशय. मागे वाढणाऱ्या गाठीला तिथे सरकायला दुसरी वाटच नसते.

दुसरा शब्द सबसेरोजल. म्हणजे गर्भाशयाच्या बाहेरच्या आवरणाखाली, बाहेरच्या दिशेने फुगणारी. हीच गाठ आतल्या पोकळीत असती तर अंगावरून जाण्याने हैराण केलं असतं, पण आतड्याला तिचा पत्ताही लागला नसता.

‘फायब्रॉइडमुळे पोट बिघडलंय’ या एका वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. गाठीचा प्रत्यक्ष दाब, पाळीच्या दिवसांत शरीरात सुटणाऱ्या रसायनांचा परिणाम, रक्तस्राव आणि दुखणं यांवर घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम, आणि फायब्रॉइडशी काडीचाही संबंध नसलेलं दुसरंच काही. चारींवरचे उपाय वेगळे आहेत. ही फोड न करता ऑपरेशन केलं तर गाठ जाते आणि बद्धकोष्ठता तशीच राहते. असं झालं की दोष ऑपरेशनला दिला जातो, पण चूक आधीच्या हिशोबात असते.

जागा आधी, आकार नंतर

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ. एका पेशीपासून सुरू होते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसते, कॅन्सर नसते. हाताला घट्ट रबरी चेंडूसारखी लागते. मूळ गर्भाशय साधारण ७ ते ८ सेंटिमीटर लांब आणि ६० ग्रॅमच्या आसपास वजनाचं. ते ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात बसलेलं असतं, पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि त्यामागे माकडहाड. हाडं ताणत नाहीत. त्यामुळे या कड्यात काही वाढलं तर दाबलं जाणार ते मऊ अवयवच.

यातूनच एक उफराटी गोष्ट निघते. कड्याच्या आत अडकून बसलेली मध्यम आकाराची गाठ गुदाशयाला जेवढा त्रास देते, तेवढा कधी कधी वर पोटात चढलेली दुप्पट मोठी गाठही देत नाही. पोटात जागा आहे, पोटाची भिंत सैल आहे, लहान आतड्याची वेटोळी इकडून तिकडे सहज घसरतात. खाली ही सोय नाही. गर्भाशय मागे झुकलेलं असेल तर पुढच्या नाही पण वरच्या, म्हणजे फंडसवरच्या गाठीचंही तोंड गुदाशयाकडे होतं.

फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने फायब्रॉइडचे ० ते ८ असे प्रकार पाडले आहेत. ०, १ आणि २ पोकळीकडचे, ३ आणि ४ भिंतीतले, ५ आणि ६ बाहेर फुगलेले, ७ देठावर लोंबणारा, ८ म्हणजे गर्भाशयमुखावरचा किंवा इतरत्र असलेला. पोटाची तक्रार असेल तर ५, ६, ७ आणि कधी ८ यांच्याकडे बोट दाखवता येतं. पुढच्या भिंतीतल्या २ सेंटिमीटरच्या ४ नंबरच्या गाठीवर बद्धकोष्ठतेचं खापर फोडू नये. अशा गाठी असंख्य बायकांमध्ये असतात आणि त्यांना त्यांचा पत्ताही नसतो.

आता दाब पडतो तेव्हा नेमकं काय होतं? गुदाशय एरवी बहुतेक वेळ रिकामाच असतो. मल खाली उतरला की त्याची भिंत ताणली जाते आणि लागल्याची जाणीव होते. पुढून गाठीने रेटलं की त्याची साठवण कमी होते. मग थोड्याशा मलानेही लागतं, दिवसातून चार वेळा जावं लागतं आणि प्रत्येक वेळी जरासंच होतं. शिवाय झाल्यावरही आत काहीतरी उरलंय असं वाटत राहतं. ही भावना कित्येकदा खरीच असते, आत काहीतरी आहेच, पण तो मल नाही, बाहेरून टेकलेली गाठ आहे. ती कुंथून बाहेर पडणार नाही. हे एकदा समजलं की दहा दहा मिनिटं जोर लावण्यातला फोलपणा लक्षात येतो. जोराचा परिणाम मात्र होतो, तो गुदद्वाराच्या शिरांवर. ओटीपोटातल्या दाबाने आधीच फुगलेल्या या शिरा कुंथण्याने आणखी फुगतात आणि मूळव्याध उभी राहते.

वरच्या बाजूची गोष्ट वेगळी. डॉक्टर गर्भाशयाचा आकार गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात. १२ आठवड्यांएवढं गर्भाशय जघनास्थीच्या वर बोटांना लागू लागतं, २० आठवड्यांएवढं बेंबीपर्यंत येतं. बेंबीच्याही वर गेलं की चार घासांत पोट भरणं, वाकल्यावर आंबट पाणी वर येणं, कंबरपट्टा सहन न होणं हे सुरू होतं. गाठीमुळे आतडं पूर्ण बंद पडणं मात्र फारच क्वचित घडतं.

एवढ्या मोठ्या गाठी मूत्रवाहिन्यांवरही बसतात आणि मूत्रपिंडाला सूज येते, तीही बहुतेकदा मुकाट. म्हणून गर्भाशय मोठं असेल तर सोनोग्राफीत मूत्रपिंडंही पाहून घ्यायला सांगावं. याचा पोटाशी काय संबंध, ते जुलाबाच्या औषधांपाशी येईल.

आकड्यांचं थोडं गणित

रिपोर्टातले तीन आकडे एकमेकांनी गुणून ०.५२ ने गुणलं की गाठीचं घनफळ मिळतं. वरच्या उदाहरणात ६.२ × ५.८ × ५.५ × ०.५२, म्हणजे सुमारे १०३ घन सेंटिमीटर. व्यास ४ वरून ८ सेंटिमीटर झाला की गाठ दुप्पट होत नाही, आठपट होते: ३३ वरून २६६. उलट, गाठ निम्मी झाली असं औषधानंतर सांगितलं जातं तेव्हा ते घनफळाबद्दल असतं. ८ सेंटिमीटरची गाठ घनफळाने निम्मी झाली तरी व्यास ६.३ सेंटिमीटर उरतो. गुदाशयाला घनफळाशी देणंघेणं नाही, त्याला गाठ किती पुढे आली आहे तेच कळतं. आकुंचन करणाऱ्या उपचारांनी रक्तस्राव झपाट्याने कमी होतो, पण पोट साफ होण्यात फरक पडायला उशीर लागतो किंवा तो अर्धवटच पडतो, त्याचं एक कारण हे गणित.

पाळीचा वाटा

पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. पोट जड, गॅस, मल कोरडा. पाळी सुरू झाली की चित्र पालटतं. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं, आणि तीच रसायनं शेजारच्या आतड्यालाही ढोसतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी पातळ होणं, मळमळ, मुरडा, हे सगळं त्यातून येतं. फायब्रॉइड नसलेल्या बायकांनाही हे होतंच. त्यामुळे पाळीच्या दोन दिवसांतल्या जुलाबाचा दोष गाठीला देणं बहुधा चुकीचं.

मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. मेफेनॅमिक ॲसिड डॉक्टर सहसा ५०० मिग्रॅ. दिवसातून तीन वेळा, पाळीच्या पहिल्या काही दिवसांपुरतं देतात. दुखणं असह्य होईपर्यंत थांबून घेतलं तर फायदा कमी होतो. सुरुवातीलाच घेतलं तर दुखणं, रक्तस्राव आणि पातळ होणं तिन्ही थोडं थोडं आवरतं. रिकाम्या पोटी घेऊ नये. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा या गोळ्यांनी उसळणारा दमा असेल तर हा रस्ताच बंद.

एक फरक लक्षात ठेवण्याजोगा. पाळीत शौचाच्या वेळी आत खोलवर, सुरी फिरल्यासारखं दुखत असेल, किंवा पाळीतच गुदद्वारातून रक्त येत असेल, तर ते फायब्रॉइडचं लक्षण नाही. तिथे एंडोमेट्रिऑसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा विचार व्हायला हवा. दोन्ही एकाच बाईत असू शकतात आणि सोनोग्राफीत दिसतो तो फायब्रॉइडच, कारण तो ठळक असतो. दुसरा आजार त्याच्या आड राहून जातो.

गोळ्यांची साखळी

फायब्रॉइडवाल्या बायकांच्या बद्धकोष्ठतेचं मला सर्वांत दुर्लक्षित वाटणारं कारण हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

जास्त रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. आतड्यात न शोषलं गेलेलं लोह मल घट्ट करतं, मळमळ आणतं, पोटात मुरडतं. फेरस सल्फेटच्या ३२५ मिग्रॅ. च्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिग्रॅ. असतं. वेष्टनावरचा मोठा आकडा लोहाचा नसून क्षाराचा असू शकतो, म्हणून प्रत्यक्ष लोह किती ते बारीक अक्षरात शोधावं. त्यातलंही शोषलं जातं ते थोडंच, बाकीचं मोठ्या आतड्यात उतरतं. म्हणजे गोळ्या दुप्पट केल्या तर रक्त दुप्पट वेगाने भरत नाही, त्रास मात्र नक्की वाढतो.

याचं कारण हेप्सिडिन. ६० मिग्रॅ. किंवा त्याहून जास्त लोह पोटात गेलं की यकृत हे संप्रेरक सोडतं आणि पुढचे साधारण २४ तास आतडं लोहाला दार लावून घेतं. त्या काळात घेतलेली दुसरी गोळी बरीचशी वायाच जाते. म्हणून एक दिवसाआड एकच गोळी घेण्याची पद्धत आता अनेक डॉक्टर सुचवतात. दर गोळीमागे लोह जास्त शोषलं जातं आणि मोठ्या आतड्यात कमी उतरतं. दिवसातून तीन वेळा लोह घेऊन पोट बांधलं गेलं असेल तर डॉक्टरांशी बोलण्याचा पहिला विषय हाच. गोळीच्या आधी-नंतर एक-दोन तास चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी नको. जेवणासोबत घेतली तर मळमळ कमी होते, पण शोषणही घटतं. ज्यांना रिकाम्या पोटी झेपतच नाही त्यांनी हा सौदा पत्करावा, गोळी सोडून देण्यापेक्षा बरा.

आता साखळी पाहा. दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड. त्याने जळजळ. जळजळीवर ॲसिड बंद करणारी गोळी, जी महिनोन्‌महिने चालू राहते. लोह शोषायला पोटातलं ॲसिड लागतं, ते कमी झालं की हिमोग्लोबिन चढत नाही. मग लोहाचा डोस वाढतो, मल आणखी घट्ट होतो, कुंथावं लागतं, मूळव्याधीतून रक्त जातं, आणि हिमोग्लोबिन पुन्हा खाली. प्रत्येक गोळी वेगवेगळ्या डॉक्टरांनी योग्य कारणासाठीच दिलेली असते. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहिल्या जात नाहीत, एवढंच. इथे गोळ्या वाढवण्यापेक्षा शिरेतून लोह देणं जास्त शहाणपणाचं ठरतं. ते आतड्याला बाजूला ठेवून थेट रक्तात जातं. ऑपरेशनची तारीख जवळ असेल तर हाच मार्ग वेगाचा.

लोहाने मल काळपट-हिरवट होतो, ते अपेक्षितच आहे. पण डांबरासारखा चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचा काळा मल वेगळा. तो जठरातल्या रक्तस्रावाचा असू शकतो, आणि दुखण्याच्या गोळ्या चालू असताना लोहाच्या नावावर खपवून चालत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बद्धकोष्ठता आणत नाही, उलट काहींना त्याने मळमळ आणि पातळ होतं. पाळीच्या चार-पाच दिवसांपुरतंच ते घ्यायचं असल्याने तेवढ्यात निभावून जातं.

वही

हे सगळं ओळखायचं कसं? दोन पाळ्यांपुरती वही ठेवली तर पुरे. रोज चार नोंदी: पाळीचा कितवा दिवस, मलाचा प्रकार, कोणती गोळी किती, आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री झोपताना. मलासाठी ब्रिस्टल तक्ता वापरावा. १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, २ गाठीगाठींचा जाड, ३ भेगा पडलेला, ४ गुळगुळीत लांबट, ५ मऊ तुकडे, ६ चिखलासारखा, ७ पाण्यासारखा.

वहीत दोन गोष्टी शोधायच्या. पहिली: मल १ किंवा २ आहे, की ४ असूनही बाहेर यायला त्रास आहे? १-२ असेल तर मल वरच, आतड्यात कोरडा झालाय. लोह, कमी पाणी, कमी तंतू, मंद थायरॉइड असली कारणं शोधावीत. मल मऊ असूनही अडतो, तेव्हा अडथळा दाराशी आहे. मागच्या गाठीचा दाब इथे बसतो. पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ऐन वेळी सैल न होता आवळले जाणं, हेही इथेच बसतं, आणि ते गाठ काढून सुधारत नाही. त्यासाठी फिजिओथेरपी लागते.

दुसरी गोष्ट घेराची. गॅसने फुगलेलं पोट सकाळी बसलेलं असतं, दिवसभरात वाढतं, गॅस सुटला की उतरतं. गाठीचं पोट सकाळ-संध्याकाळ तेवढंच. सकाळी लघवी करून पाठीवर झोपावं, गुडघे वाकवून पोट सैल सोडावं आणि बेंबीपासून खाली बोटं सपाट ठेवून हलकं दाबत यावं. जघनास्थीच्या वर घट्ट, गोलसर, बोटांना दाद न देणारं काही लागलं तर ते गर्भाशय असू शकतं. गॅस असेल तिथे बोटं आत जातात, गुडगुडतं. बहुतेकींच्या बाबतीत उत्तर ‘थोडं हे, थोडं ते’ असंच निघतं. सकाळचा घेर सांगतो गाठ किती, संध्याकाळची वाढ सांगते गॅस किती.

पोट साफ होण्यासाठी

‘तंतू वाढवा’ हा सल्ला सरसकट दिला जातो आणि इथेच तो फसतो. दाराशी अडथळा असताना कोंड्यासारखे न विरघळणारे तंतू भसाभस वाढवले तर अरुंद वाटेत मालच वाढतो. फुगारा आणि दाब दोन्ही वाढतात. मल १-२ असेल तर तंतू हवेतच, दिवसाला एकूण २५ ते ३० ग्रॅमपर्यंत, पण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवत. इसबगोल घ्यायचं तर ५ ग्रॅमपासून सुरुवात, प्रत्येक वेळी भरलेला ग्लास म्हणजे निदान २४० मिली पाणी. पाणी कमी पडलं तर तेच घट्ट होऊन अडतं. औषधांपासून दोन तास दूर.

मल मऊ असून अडत असेल तर माल न वाढवता मल ओलसर ठेवणारं काही हवं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर १७ ग्रॅम, १२० ते २४० मिली पाण्यात, दिवसातून एकदा. आतड्यात पाणी धरून ठेवते, गॅस फारसा करत नाही, परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. आज घेऊन उद्या ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नये. लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिलीही चालतं, पण ते मोठ्या आतड्यात आंबतं आणि आधीच फुगणाऱ्या पोटाला नकोसं होतं. मॅग्नेशियमची औषधं मूत्रपिंड नीट असतील तरच, आणि मोठ्या गाठीने मूत्रपिंड मुकाट सुजलेलं असू शकतं ते वर आलंच आहे. मल खाली येऊन थांबल्याची स्पष्ट जाणीव असेल तर गुदद्वारात ठेवायची ग्लिसरीनची सपोझिटरी गोळ्यांपेक्षा नेमकी. साधारण पाऊण तासात काम होतं.

बसण्याचा फरक लोकांना क्षुल्लक वाटतो, पण कमोडवर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर आणले आणि पुढे झुकून कोपरं मांड्यांवर टेकवली की गुदाशयाला पडलेला कोन सरळ होतो. मोठी मागची गाठ असलेल्या काही जणींना थोडं डावी-उजवीकडे कललं की वाट मोकळी होते. करून पाहायला हरकत नाही. वेळ न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत, तेव्हा मोठं आतडं आपण होऊन ढकलत असतं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठावं.

आहाराने, काढ्याने किंवा पोटावर काही बांधून गाठ विरघळते असं सांगणारे भरपूर भेटतात. आहाराने मल सुधारतो, गाठ नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या फायब्रॉइडसाठी फार खपतात, त्यांच्याबद्दल मात्र सावध करावंसं वाटतं. २०१८ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिग्रॅ. किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) घेतल्यास यकृतावर ताण दिसतो असं नोंदवलं आहे. शिवाय हाच घटक लोहाचं शोषण कमी करतो.

गाठीच्या आड लपणारं

पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेली, रोजची, न उतरणारी पोटफुगी आणि लवकर पोट भरणं, यात अंडाशय पाहिल्याशिवाय फायब्रॉइडवर शिक्का मारू नये. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेने केली जाणारी रक्ततपासणी फायब्रॉइडमध्ये आणि एंडोमेट्रिऑसिसमध्येही वाढते, तेव्हा एकट्या आकड्याने घाबरूही नये आणि निश्चिंतही होऊ नये. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, काही आठवडे टिकलेला सवयीतला बदल, मल कायमचा सुतळीसारखा बारीक होणं यांत मोठ्या आतड्याची तपासणी हवी. मूळव्याध आहे म्हणून ती टाळू नये. लोह देऊनही न चढणारं हिमोग्लोबिन आणि पोटफुगी एकत्र असेल तर सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्यावी, आणि जास्त पाळी, बद्धकोष्ठता, थकवा असं त्रिकूट दिसलं तर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी. पाळी कायमची थांबल्यावर फायब्रॉइड आक्रसतात. तेव्हा वाढत असलेली गाठ साधी समजू नये.

अचानक असह्य ओटीपोट दुखून उलट्या सुरू झाल्या तर देठावरची गाठ पिळली गेली असण्याची शक्यता असते. पोट फुगून गॅसही सरत नसेल किंवा लघवी पूर्ण अडली असेल तरी थांबायचं नाही, थेट इस्पितळ.

कुठल्या उपचाराने पोटाला काय मिळतं

हार्मोन सोडणारी तांबी, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, गर्भनिरोधक गोळ्या हे रक्तस्रावाचे उपाय आहेत. दाब त्यांनी हटत नाही. अंडाशयाचे हार्मोन दाबणारी ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं तीन महिन्यांत गाठ चांगली आक्रसवतात, पण बंद केली की ती पुन्हा वाढते आणि जास्त काळ घेतली तर हाडं ठिसूळ होतात. म्हणून ती मुख्यतः ऑपरेशनच्या आधी. रेल्युगोलिक्सच्या संयुक्त गोळ्या रक्तस्राव उत्तम आवरतात, आकारात फरक माफकच. धमनीतून कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं एम्बोलायझेशन सहा महिन्यांत घनफळ ४० ते ६० टक्के घटवतं. वरच्या गणिताने ८ सेंटिमीटरची गाठ ६ ते पावणेसातवर येते. रक्तस्रावासाठी हे पुष्कळ झालं, पण गुदाशयात घुसलेल्या गाठीसाठी कधी पुरतं, कधी नाही.

मागच्या गाठीचा दाब हाच मुख्य त्रास असेल आणि वहीत तो स्पष्ट दिसत असेल तर गाठ काढणं हा सरळ उपाय, मग ती एकटी काढा किंवा गर्भाशयासकट. त्याआधी एमआरआय करून घ्यावा. बाजूने घेतलेल्या चित्रात माकडहाड, त्यापुढे गुदाशयाची काळपट-करडी पट्टी आणि तिच्यावर रेललेली गाठ स्वच्छ दिसते. पट्टी चेपलेली आहे की गाठ आणि गुदाशय यांच्यामध्ये मोकळी चरबी आहे, ते डॉक्टरांना चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगावं. मध्ये मोकळी जागा दिसत असेल तर बद्धकोष्ठतेसाठी ऑपरेशनची घाई करू नये, कारण दुसरीकडे शोधावं.

ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस पोट उलट जास्तच बांधलेलं असतं. भूल, अफूवर्गीय वेदनाशामकं, पडून राहणं आणि हाताळलं गेलेलं आतडं या सगळ्यांचा तो परिणाम. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गॅस सरू लागणं ही पहिली चांगली खूण. चालण्यासाठी मात्र तिची वाट पाहू नये, डॉक्टरांनी उठायला सांगितलं की थोडं थोडं चालावं. मल मऊ ठेवणारी पावडर वेदनाशामकांसोबतच सुरू करावी, पोट दगड होण्याची वाट पाहू नये. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून शौचाच्या वेळी पोटावर उशी धरावी. आणि घरी सोडताना हातात जी चिठ्ठी येते, तिच्यात लोहाच्या गोळ्या पहिल्याच दिवसापासून लिहिलेल्या असतील तर शौचाला नीट होईपर्यंत त्या थांबवता येतील का, हे तिथेच विचारून घ्यावं.